आधी भिंत वाळू द्या, मग पुट्टीचं बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या घरातल्या खराब भिंती गुळगुळीत कशा करायच्या यावर अर्धं पान आलं होतं ते वाचलं. पोपडे खरवडा, प्रायमर मारा, पुट्टीचे दोन हात द्या, पॉलिश पेपर मारा की भिंत आरशासारखी, असं एकूण होतं. फोटो पण छान होते. पण अख्ख्या अर्ध्या पानात भिंत ओली आहे का हे बघा असं एका ओळीत सुद्धा नव्हतं, आणि सांगलीत पेपर वाचणाऱ्या माणसांना भिंतीबद्दल सल्ला देताना ओलीचा विषय सोडणं म्हणजे कमालच झाली, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं तर कापा, पण मधलं कापू नका.

मी कुणी इंजिनियर नाही, आमचं स्टेशनरीचं दुकान आहे. घर गावभागात, म्हणजे जुन्या सांगलीत, कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ ला झाला त्याच सुमाराचं, माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेलं. जोतं काळ्या दगडाचं, वर पातळ भाजक्या विटा, सगळं चुन्यात, आणि खालच्या मजल्याच्या भिंती दीड फूट जाड. ऑगस्ट २०१९ चा महापूर तुम्हाला सांगायला नको, आयर्विनला ५७ फुटांच्या वर पाणी गेलं होतं, ४५ ही धोक्याची पातळी. आमच्या खालच्या खोल्यात साडेचार फूट पाणी आणि ते सुद्धा एक दिवस नाही, आठवडाभर. पाणी उतरल्यावर गाळ काढला, भांडी घासली, गाद्या टाकून दिल्या, आणि मग सगळ्या सांगलीनं जे केलं तेच आम्ही केलं, दिवाळीच्या आत घर चकाचक करायला घेतलं.

दसऱ्याला काम सुरू. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला काकू काळजीच करू नका, जुना गिलावा पाडतो, वॉटरप्रूफिंगचं केमिकल घातलेलं सिमेंट प्लास्टर करतो, वर पुट्टी, वर प्लास्टिक पेंट, पुढची वीस वर्षं बघायला नको. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी त्याची माणसं शिड्या घेऊन गेली आणि खरंच सांगते भिंती इतक्या सुंदर दिसत होत्या की मी येणाऱ्या जाणाऱ्याला हात लावून बघा म्हणत होते.

मार्चमधी लॉकडाऊन लागला. दुकान बंद, घरात बसून भिंतीकडं बघण्याशिवाय काम नाही. आणि तेव्हा दिसायला लागलं, सोफ्याच्या मागं जमिनीपासून हातभर उंचीवर रंगाला फुगे आलेत, पुरीसारखे. एक फोडला तर आतून पांढरी पूड सांडली. आठ दिवसांनी त्याच जागी कापसाच्या तंतूंसारखं काहीतरी उगवलेलं, फुंकर मारली की उडायचं. आमच्या सासूबाई ८१ वर्षांच्या, त्यांनी बोटाला लावून सरळ चाटून बघितलं (मी ओरडले, पण उशीर झाला होता) आणि म्हणाल्या, मीठ आहे गं हे, लोणा लागलाय भिंतीला. पावसाळा सुरू होईपर्यंत पुट्टीचे पापुद्रे सुटले, आणि श्रावणात एके दिवशी दुपारी धप्प आवाज आला म्हणून बघितलं तर टेबलाएवढा सिमेंटचा तुकडा खाली, आणि त्याच्या पाठीला आमच्या विटांचा लाल थर चिकटलेला. सिमेंट पडताना एकटं पडलं नाही, विटेची कातडी घेऊन पडलं.

झालं काय होतं ते मला नंतर कळलं आणि ते इतकं साधं आहे की कॉन्ट्रॅक्टरला माहीतच नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. भिजलेली जाड भिंत महिन्याला साधारण इंचभर वाळते असा ठोकताळा आहे. आमची भिंत १८ इंच. दोन्ही अंगांनी वारा लागला तरी प्रत्येक बाजूनं नऊ इंच, म्हणजे नऊ महिने. आम्ही तिला दीड महिना दिला आणि वर सिमेंटचा आणि प्लास्टिक पेंटचा रेनकोट चढवला. आतलं पाणी बाहेर यायला बघतंय, सोबत विटेतलं मातीतलं मीठ घेऊन येतंय, आणि वाट बंद. मग मीठ सिमेंटच्या मागं साठतं, तिथंच त्याचे खडे होतात, खडे फुगतात आणि समोर जे असेल ते ढकलून देतात. जुनी वीट आणि चुना दोन्ही मऊ, सिमेंट कडक, तेव्हा फाटतं ते विटेकडून. चुन्याच्या गिलाव्यातून ओल येते आणि हवेत उडून जाते, म्हणून आजेसासऱ्यांच्या भिंतींनी २००५ चा पूर सुद्धा पचवला होता, आम्ही तेव्हा फक्त सफेदी मारली होती आणि काही झालं नव्हतं. तेव्हा पैसे नव्हते हे आमचं नशीब म्हणायचं!

शेजारच्यांनी तर आणखी पुढची आयडिया केली, खालून चार फूट टाइल लावून घेतल्या. दिसायला स्वच्छ. पण ओल टाइलमधून बाहेर पडत नाही म्हणून ती आणखी वर चढते, आता त्यांची टाइल संपते तिथून वर दोन फुटाचा ओला पट्टा आहे. आधी जिथं ओल कधी नव्हती तिथं.

दुसऱ्यांदा आम्ही काही करायच्या आतच जुलै २०२१ ला परत पाणी आलं. यावेळी कमी, पण आलं. आणि यावेळी मी हात जोडून सगळ्यांना सांगितलं की दिवाळी गेली उडत. मिरजेकडच्या एका खेड्यातले एक म्हातारे गवंडी ओळखीतून मिळाले, मामा म्हणतो आम्ही त्यांना, देवळांची चुन्याची कामं केलेला माणूस. त्यांनी आल्या आल्या काय केलं असेल तर माझ्या हातातलं लाटणं मागून घेतलं. लाटण्याच्या मुठीनं भिंत ठोकत फिरले, जिथं टणटण वाजलं तिथं काही नाही, जिथं ढबढब वाजलं तिथं खडूनं गोल. अर्ध्या तासात आमची बैठकीची खोली नुसती गोल गोल झाली. पोकळ वाजतंय म्हणजे गिलावा भिंतीला सोडून उभा आहे, त्याच्यावर तुम्ही सोन्याची पुट्टी लावा, पडणारच. हे लाटण्याचं काम कुणालाही करता येतं, पुढच्या पुरवणीत एवढं एक जरी छापलंत तरी कितीतरी लोकांचे पैसे वाचतील.

सगळं सिमेंट पाण्याच्या खुणेच्या वर एक फुटापर्यंत काढलं, छिन्नी हळू मारत, कारण विटा जपायच्या होत्या. विटांच्या सांध्यातला भुसभुशीत झालेला चुना पाऊण इंच खोल खरवडला. लोणा कोरड्या ब्रशनं झाडून सुपात भरून घराबाहेर टाकला, आणि हे महत्त्वाचं आहे, पाण्यानं धुवायचा नाही, धुतलात की मीठ विरघळून परत भिंतीतच शिरतं. मी आधी वर्षभर दर रविवारी ओल्या फडक्यानं पुसत होते, म्हणजे भिंतीला मीठ भरवतच होते म्हणा ना. जिथं फारच लोणा होता तिथं मामांनी रद्दी भिजवून त्याचा लगदा करून थापला, वाळला की सोलून काढायचा, मीठ लगद्यात येतं. तीन वेळा केलं. रद्दी तुमच्याच पेपरची होती, शाई लागेल म्हणाल तर ती भिंत पुढं गिलाव्याखालीच जाणार होती.

आणि मग नुसतं थांबायचं. नोव्हेंबर ते एप्रिल. दिवाळी उघड्या विटांसमोर झाली, त्यात माझ्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते म्हणून सासूबाईंनी भिंतीवर चांगली चादर टांगली, तर मामा नेमके त्याच दिवशी सकाळी बघायला आले आणि चादर काढून घडी करून माझ्या हातात दिली. "वैनी, तिला वारा लागू दे की. झाकून कसं वाळंल?" पाहुण्यांनी विटा बघितल्या. स्थळ जमलं नाही ते दुसऱ्या कारणानं.

वाळली का हे कळायला मीटर बिटर काही नव्हता. चपात्या गुंडाळायचा ॲल्युमिनियम फॉइल असतो ना, त्याचा हातभर तुकडा चारी बाजूंनी टेपनं भिंतीवर चिकटवायचा आणि दिवसभर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी काढून बघा, भिंतीच्या बाजूला दव असेल तर ओल आतून येतेय, आणि वरच्या बाजूला दव असेल तर ती खोलीतल्या हवेतली ओल आहे, खिडकी उघडा. जानेवारीत आमचा फॉइल आतून ओला. फेब्रुवारीत ओला. मार्चच्या शेवटी कोरडा निघाला तेव्हा मी मामांना फोन केला तर म्हणाले अजून पंधरा दिवस.

तोवर मागच्या अंगणात चुना विरत होता. कळीचा चुना म्हणजे भाजलेली चुनखडी, पांढरे हलके दगड दिसतात. ते पिंपातल्या पाण्यात टाकले की आधी काही होत नाही, मग एकदम खदखदायला लागतं, वाफ, पिंपाला हात लावता येत नाही इतकं गरम. पोरांना लांब ठेवा आणि डोळ्याला गॉगल लावा, चुन्याचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, हे मी गंमत म्हणून सांगत नाही. थंड झालं की वस्त्रगाळ करून पाण्याखाली ठेवायचं, किमान पंधरा दिवस, आमचं दोन महिने होतं. बोटांवर घेतलं तर लोण्यासारखं.

गिलाव्याला एक घमेलं चुना, एक सुरखी, दोन धुतलेली वाळू. सुरखी म्हणजे विटांची बारीक पूड, ती असली की चुना ओलीतही धरतो. थोडा ताग बारीक कापून घातला, तडे जाऊ नयेत म्हणून. एकेक थर अर्ध्या इंचाच्या आत, मधे चारपाच दिवस. आणि इथं माझं डोकं चालेना, कारण सहा महिने वाळवलेल्या भिंतीवर मामा गिलाव्याच्या आधी पंपानं पाणी मारायला लागले. मी म्हटलं मामा हे काय, तर म्हणाले, तहानलेली भिंत चुन्यातलं पाणी पिऊन टाकती, मग चुना नुसती पूड होऊन बसतो. म्हणून तिला वरवर पाजायचं, भिजवायचं नाही. सांगलीच्या एप्रिलमधी चुना फार भराभर वाळतो आणि चुन्याला नुसतं वाळून चालत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याची परत चुनखडी व्हावी लागते, त्याला वेळ आणि थोडी ओल दोन्ही लागतं. आठवडाभर भिंतीसमोर ओली गोणपाटं टांगलेली, घर म्हणजे गुऱ्हाळ वाटत होतं.

आता गुळगुळीतपणाचं. त्यासाठीच तुमचं अर्धं पान होतं. शेवटचा हात नीरूचा, म्हणजे नुसता गाळलेला चुना, जेमतेम मिलिमीटर दोन मिलिमीटर. तो गुरमाळ्यानं, म्हणजे लोखंडी सपाट थापीनं, ओढून घेतला आणि अर्धवट ओला असतानाच मामांनी खिशातून एक काळा गोटा काढला, नदीतला, अंड्याएवढा, वापरून वापरून चकचकीत झालेला, आणि भिंत घोटायला लागले. दाबून, गोल गोल, एकेका हातभर जागेला वीस मिनिटं. दुपारी खिडकीतनं ऊन आलं तेव्हा त्या घोटलेल्या जागेवर जी झाक होती ना, ती प्लास्टिक पेंटला नाही येत. सगळी भिंत घोटली नाही, खर्च परवडला नसता, फक्त देवघराची आणि जिन्याकडची. बाकी नीरू आणि वर ताकासारख्या पातळ चुन्याचे तीन हात.

भिंत आरशासारखी आहे का? नाही. ओळंब्यात पण नाही, खिडकीजवळ चांगली पाऊण इंच पोटात गेलीय. ती सरळ करायची तर तेवढा जाड थर भरावा लागला असता, मामा म्हणाले कशाला, शंभर वर्षाच्या म्हाताऱ्याची पाठ सरळ करून काय मिळणार. मला पटलं. हल्ली भिंतीला घासून जाणारे ते सिलिंगचे दिवे लावतात आणि मग प्रत्येक लाट दिसते म्हणून पुट्टीवर पुट्टी चढवतात, दिवा हलवा ना त्यापेक्षा.

आमचा चुना पण काही धुतल्या तांदळासारखा नाही, तेही लिहिते. काळा ड्रेस घालून भिंतीला टेकलं की पाठीवर छाप. रंग मोजकेच मिळतात. पूर आला तर खालचा गिलावा थोडा परत करावा लागेल, पण तो चुन्यातच होईल आणि विटा शाबूत राहतील. आणि चुन्याचं काम येणारा माणूस मिळणं हे सगळ्यात अवघड, मामांचा मुलगा स्वतः सिमेंटचीच कामं घेतो कारण गिऱ्हाईक थांबत नाही.

पुट्टीला माझा विरोध आहे असं कृपा करून समजू नका. वरच्या मजल्यावर १९८६ ला काढलेली सिमेंट-विटांची खोली आहे, तिथं पूर पोचत नाही, भिंती खडखडीत कोरड्या, तिथं आम्ही पुट्टीच लावली आणि छान राहिलीय. फक्त तिथं सुद्धा घाई नको. एका कोपऱ्यात तिरकी भेग होती, तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं रेघ मारून तारीख लिहिली आणि एक पावसाळा, एक उन्हाळा बघितलं, भेग वाढली असती तर तो पुट्टीचा विषय राहिला नसता, इंजिनियरला बोलवावं लागलं असतं. वाढली नाही, मग ती इंग्रजी व्ही सारखी कोरून, धूळ झाडून, भरून घेतली. पुट्टीचे दोन पातळ हात, दोन्ही मिळून दीड मिलिमीटरच्या वर नाही, खड्डे पुट्टीनं भरायचे नाहीत, खड्ड्याला प्लास्टरच. आणि घासताना रात्री टॉर्च भिंतीला टेकवून आडवा धरायचा, सगळे उंचवटे सावल्यांसकट समोर येतात, रंगाऱ्याशी वाद घालायला फार उपयोगी पडतं.

घासण्यावरून आणखी एक, तुमच्या लेखात मशिननं जुना रंग घासतानाचा फोटो होता, रंगाऱ्याच्या तोंडाला साधा रुमाल आणि मागं दारात लहान मूल. जुन्या घरात कमरेपर्यंत ऑइल पेंटचा पट्टा असायचा, आमच्याकडं हिरवा होता, आणि जुन्या ऑइल पेंटमधी शिसं असू शकतं. आपल्याकडं रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत हवं हा नियम २०१६ ला निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे त्याच्या आधीचे थर कसले आहेत कुणी सांगावं. ते कोरडे घासून धूळ घरभर करायची नाही. ओलं करून खरवडायचं, नीट मास्क लावायचा, पोरं आणि गरोदर बाई घरात नको. सासूबाईंनी भिंत चाटली तेव्हा तो पट्टा जुन्या गिलाव्याबरोबर आधीच गेला होता, नशीब.

आणि जाहिरातींचं तेवढं बघा. पूर ओसरला की आठवड्यात तुमच्याच पेपरात पानभर येतात, दिवाळीआधी घर नवं करा म्हणून. जाहिरात छापू नका असं कसं म्हणू, तुमचंही पोट आहे. पण त्याच्या शेजारी चार ओळी टाका की जाड भिंतीला वाळायला महिने लागतात, तोवर खालचा रंग आणि प्लास्टिक पेंट काढून भिंत उघडी ठेवा, पंखे लावा, कपाटं भिंतीपासून वीतभर पुढं ओढा. आम्हाला २०१९ ला हे कुणी सांगितलं असतं तर आमचे ६८ हजार आणि त्या विटा वाचल्या असत्या. त्या कॉन्ट्रॅक्टरचं नाव मी लिहीत नाही, त्यानं जे केलं तेच गावातल्या सगळ्यांनी केलं, आणि करा म्हणणारी मीच होते.

चुना अजून अर्धा पिंप उरलाय, अंगणात पाण्याखाली ठेवलाय, पाणी वर असेतोवर तो खराब होत नाही. गावभागात कुणाला जुन्या घराच्या थिगळाला हवा असेल तर माझा पत्ता तुमच्या ऑफिसात देऊन ठेवलाय. येताना प्लास्टिकची बादली आणा, ॲल्युमिनियमचं पातेलं नको, चुना ते खातो.

आपली नियमित वाचक,
गावभाग, सांगली